बकुळीचा बुंधा मोकळा करा, मग फुलझाडांकडे वळा

वाचकाचे पत्र

आमच्या घरामागे लहानशी बाग आहे. पाच वर्षांपूर्वी तिच्या मधोमध बकुळ लावली आणि बुंध्याभोवती विटांचे गोल आळे बांधून त्यात कर्दळ, डे-लिली आणि शेवंती लावली. दरवर्षी आळ्यात नवी माती आणि शेणखताची भर घालते आणि रोज संध्याकाळी झारीने पाणी देते. पहिली दोन वर्षे फुले भरपूर आली. आता कर्दळीची आणि लिलीची नुसती दाटी झाली आहे, फुले मोजकीच येतात आणि गेल्या हंगामात शेवंतीला कळीच धरली नाही. बकुळ तर लावल्यापासून जेमतेम हातभर वाढली असेल. तिची शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात आणि दोन फांद्या टोकाकडून वाळत आल्या आहेत. मागे एक वाळकी फांदी खोडालगत कापून तिथे तेलरंग लावला होता. गेल्या वर्षी मागच्या भिंतीवर दिवा लावल्यामुळे रात्री बागेत बसता येते, पण बसून पाहावे असे तिथे काही उरलेले नाही. मुलगा म्हणतो, सगळे उपटून नव्याने लावू. माझा जीव होत नाही. सोबत फोटो पाठवले आहेत. काय करावे?

उत्तर

उपटू नका. तुमच्या बागेतले एकही झाड मेलेले नाही, आणि तुम्ही लिहिलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ झाडात नसून त्या आळ्यात आहे. नवी बकुळ आणून त्याच आळ्यात लावली, तर आणखी पाच वर्षांनी तुम्हाला हेच पत्र पुन्हा लिहावे लागेल.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी सहज लिहून गेला आहात: दरवर्षी आळ्यात नवी माती आणि शेणखताची भर घालते. फोटोत बकुळीचे खोड रोवलेल्या खांबासारखे सरळ मातीत शिरलेले दिसते. निरोगी झाडाचे खोड असे दिसत नाही. जमिनीला टेकण्यापूर्वी ते रुंदावते आणि पहिली जाड मुळे तिथून चारही बाजूंना फाकताना दिसतात. तो रुंदावलेला भाग दिसत नसेल, तर झाड खोल लावले गेले आहे किंवा नंतर मातीत गाडले गेले आहे. तुमच्या बाबतीत पाच वर्षांची भर पाहता दुसरी शक्यता अधिक आहे, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात.

बुंधा गाडला गेल्याने एवढे काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. मुळांची साल सतत ओलीत राहण्यासाठी घडलेली असते, खोडाची साल तशी नसते. तिच्यावरच्या बारीक छिद्रांतून खोडाच्या आतल्या पेशींना हवा मिळते, आणि ओल्या मातीचा थर तिला बारा महिने चिकटून राहिला की ती मऊ पडते, कुजू लागते आणि तिथून बुरशीला वाट मिळते. दुसरे नुकसान मुळांचे होते. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो आणि जमिनीत जितके खोल जावे तितकी हवा कमी मिळते, त्यामुळे ज्या मुळांनी स्वतःला योग्य अशी खोली शोधलेली होती, ती दरवर्षीच्या भरीमुळे अधिकाधिक खाली ढकलली गेली. अशा वेळी झाड वरच्या नव्या मातीत, खोडाच्याच गाडलेल्या भागातून नवी मुळे सोडते. विटांच्या आळ्यात त्यांना बाहेर जायला वाव मिळत नाही, म्हणून ती खोडाभोवती गोल फिरू लागतात, आणि मूळ व खोड दोन्ही जाड होत गेले की त्याच मुळांचा खोडाला फास बसतो. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या अगदी आतल्या थरातून मुळांकडे उतरते. फास बसला की ती वाट आवळली जाते, मुळे उपाशी राहतात, आणि याची पहिली खूण शेंड्याला दिसते, कारण पाणी पोहोचवायला सर्वांत अवघड जागा तीच असते.

तेव्हा पहिले काम बुंधा उघडा करण्याचे. मातीत वाफसा असेल असा दिवस निवडा, म्हणजे माती कोरडी ठणठणीतही नसेल आणि हाताला चिकटणारीही नसेल. विटा काढून टाका. त्या पुन्हा तिथे लावायच्या नाहीत. आळ्यातली फुलझाडे मुळांभोवतीच्या मातीसकट उचलून सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा, त्यांच्याकडे आपण नंतर येऊ. मग खोडालगतची माती हाताने आणि लाकडी काडीने हलके हलके बाजूला सारत खाली जा. खुरपे वापरायचेच असेल तर ते खोडापासून चार बोटे दूर ठेवा, कारण गाडलेली साल मऊ झालेली असते आणि एका घावात निघून येते. कुदळ तर जवळ आणूच नका. वाटेत खोडातून फुटलेली केसांसारखी बारीक मुळे लागतील, ती कात्रीने कापून टाकायला हरकत नाही. खोड रुंदावायला लागले आणि पहिली जाड मुळे दिसली की थांबा.

आता नीट पाहा. एखादे मूळ खोडाला आडवे जाऊन त्याला दाबत असेल, तर ते धारदार कात्रीने किंवा लहान करवतीने दोन्ही बाजूंनी कापून मधला तुकडा काढा. तो तुकडा सालीत रुतलेला असेल, तर ओढून काढू नका. दोन्ही टोके तोडून तो तसाच राहू द्या, तो आपोआप कुजून सुटेल. अशी जाड मुळे दोन-तीनपेक्षा जास्त असतील, तर सगळी एकदम कापू नका. जी खोडाला सर्वांत जास्त आवळत आहेत ती आधी, उरलेली पुढच्या वर्षी, कारण आजच्या घडीला झाड ज्यांच्यावर जगते आहे त्यांतलीच ती मुळे आहेत. मुळे पिशवीच्या आकारात गोल गुंडाळलेली आढळली, तर समजा की रोप पिशवीत गरजेपेक्षा जास्त काळ राहिले होते आणि लावताना ती गुंडाळी कोणी सोडवली नव्हती. त्यांनाही हाच उपाय करायचा, सर्वांत बाहेरच्या वेढ्यापासून सुरुवात करून. उघडा केलेला बुंधा पुन्हा झाकू नका. तिथे खळगा झाला असेल, तर भोवतालची माती बाहेरच्या बाजूला उतरती करून घ्या, म्हणजे पाणी खोडाशी साचणार नाही. फोटोत आधाराच्या काठीची सुतळी अजून खोडाला बांधलेली दिसते, तीही आजच कापा. आधार फार तर पहिले वर्षभर हवा. त्यानंतर वाऱ्याने खोड थोडे हलले पाहिजे, कारण त्या हलण्यामुळेच ते बुडाशी जाड आणि भक्कम होते.

सगळा दोष आळ्यावर टाकणेही बरोबर होणार नाही. बकुळ मुळातच सावकाश वाढणारे झाड आहे, आणि तिची उंची शेजारच्या भरभर वाढणाऱ्या झाडाशी ताडून पाहिली तर निराशाच पदरी येईल. सावकाश वाढणे हा तिचा स्वभाव आहे. टोकाकडून वाळणे हा मात्र स्वभाव नाही, ती खूण आहे आणि ती गांभीर्याने घ्यायला हवी. बुंधा मोकळा केल्यावर लगेच काही दिसणार नाही. नव्या पालवीच्या पुढच्या हंगामात पाने थोडी मोठी आणि गडद आली, तर झाड सावरू लागले असे समजा. पूर्ण उभारी यायला दोन-तीन वर्षे लागतील.

आता पाण्याविषयी. रोज संध्याकाळी झारीने दिलेले पाणी वरची दोन बोटे माती भिजवते आणि तिथेच संपते. त्यामुळे खोडाची साल कायम ओली राहिली, मुळे वरच्या थरातच घुटमळली, आणि खालची माती कोरडी राहिली असण्याची दाट शक्यता आहे. झाडाला अन्न-पाणी पुरवणारी पांढरी मुळी बहुतांशी जमिनीच्या वरच्या ४५ ते ६० सेंटिमीटर थरात असते आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर दूरवर पसरते. खोडाच्या बुडाशी ती जवळजवळ नसतेच. म्हणून पाणी फांद्यांच्या घेराच्या कडेला आणि त्याच्या बाहेर द्यायचे, सावकाश द्यायचे, वीतभर खोल मुरेल इतके द्यायचे आणि मग माती सांगेपर्यंत पुन्हा द्यायचे नाही. माती कशी सांगते? वीतभर खोलीवरची मूठभर माती काढून दाबा. लाडू वळला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर ओल योग्य आहे. बोटांमधून पाणी निघाले, तर थांबा. लाडू वळलाच नाही, तर पाणी द्या. वाळूच्या जमिनीत लाडू नीट वळत नाही, तिथे बोटांना गारवा जाणवतो का एवढे पाहणे पुरेसे आहे. ही परीक्षा दोन-तीन आठवडे केली की तुमच्या मातीची चाल तुम्हाला कळेल आणि मग रोज खणायची गरज उरणार नाही.

पिवळ्या पानांवर औषध विचारण्याआधी कोणती पाने पिवळी पडतात ते पाहायचे असते, आणि तुम्ही ते नेमके लिहिले आहे याबद्दल तुमचे कौतुक वाटते. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील, तर बहुधा नत्र कमी पडते आहे. तुमच्याकडे कोवळी पाने पिवळी पडतात. त्यांच्या शिरा हिरव्या राहत असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. याचा अर्थ जमिनीत लोह नाही असा क्वचितच असतो. माती चुनखडीची असेल तर लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि मुळे गुदमरलेली असतील तरीही घेता येत नाही. म्हणून आत्ताच लोहाची फवारणी करू नका. आधी मुळे मोकळी करा, आणि पुढच्या पालवीतही पिवळेपणा राहिलाच तर माती तपासून घ्या. निचऱ्याची परीक्षा मात्र या कामाबरोबरच उरकून घ्या. खोडापासून दूर ३० सेंटिमीटर खोल खड्डा करून तो पाण्याने भरा, ते पाणी मुरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी पाणी किती वेगाने उतरते ते मोजा. तासाला अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक उतरत असेल तर काळजी नाही. त्याहून कमी असेल, तर फुलझाडांचे नवे वाफे जमिनीच्या पातळीवर न करता वीतभर उंच करा.

आता त्या फुलझाडांकडे येऊ. कर्दळ आणि डे-लिली यांची फुले कमी झाली ती झाडे म्हातारी झाल्यामुळे नव्हे. ही झाडे दरवर्षी जमिनीखाली नवे फुटवे सोडून पसरतात, आणि चार-पाच वर्षांत मधला गड्डा इतका दाटतो की प्रत्येक फुटव्याच्या वाट्याला माती, पाणी आणि उजेड थोडा थोडाच येतो. तेवढ्यावर पाने निघतात, फुले निघत नाहीत. त्यात तुमच्या बकुळीची सावली आणि तिच्या मुळांची स्पर्धा यांची भर पडली. यावर उपाय एकच, गड्डा उपसून फोडणे, आणि तो तीन-चार वर्षांतून एकदा करावाच लागतो.

डे-लिलीचा उपसलेला गड्डा पाण्याखाली धरून माती काढून टाका. मग पानांचे पंख्यासारखे झुबके आणि त्यांची मुळे स्पष्ट दिसतात, आणि ते बहुतेक वेळा नुसत्या हाताने पिळून वेगळे होतात. नाहीच झाले तर सुरी वापरा. दोन-तीन झुबक्यांचा एक भाग करा, पाने वीतभर ठेवून वरची कापा, आणि पाने व मुळे जिथे जुळतात तो भाग मातीखाली दोन-तीन सेंटिमीटरच राहील असे लावा. दिवसाला किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. कर्दळीच्या गड्ड्याच्या मधले जुने, पोकळ झालेले कंद टाकून द्या आणि कडेचे टणक, दोन-तीन डोळे असलेले तुकडे हातभर अंतरावर, सुमारे दहा सेंटिमीटर खोल लावा. पुढे एका दांड्यावरचे सगळे तुरे उमलून गेले की तो दांडा जमिनीलगत कापत जा. तो पुन्हा फुलणार नसतो आणि उगाच जागा अडवतो. डे-लिलीच्या पानांना मात्र ती हिरवी असेपर्यंत हात लावू नका, कारण पुढच्या बहराची शिदोरी तीच भरत असतात. एक खबरदारी सांगून ठेवते: गड्डा फोडणे सर्वच बारमाही फुलझाडांना मानवत नाही. थंड प्रदेशात वाढणाऱ्या पिओनीसारखे झाड एका जागी पन्नास वर्षे फुलू शकते आणि त्याला हलवले तर एखाद-दोन हंगाम रुसून बसते. ज्याचा बहर टिकून आहे त्याला निष्कारण उपसू नये.

शेवंतीचे दुखणे वेगळे आहे, आणि त्याचे कारणही तुमच्याच पत्रात आहे. भिंतीवर दिवा गेल्या वर्षी लागला आणि शेवंतीला कळीही गेल्याच हंगामात धरली नाही. शेवंती रात्री मोठ्या होऊ लागल्या की कळी धरते. झाडे दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ओळखतात, हे गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली प्रसिद्ध केले. उन्हाळ्यात नुसतीच वाढत राहणारी, काही केल्या न फुलणारी तंबाखूची एक जात त्यांनी रोज काही तास अंधारात ठेवून फुलवून दाखवली होती. पुढच्या संशोधनात असे दिसून आले की अशा झाडांसाठी खरे महत्त्व अखंड अंधाराचे असते. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी ती रात्र झाड मोजत नाही. शेवंतीची शेती करणारे लोक याचा उपयोग करून घेतात. फुले उशिरा हवी असतील तर रात्री दिवे लावतात, लवकर हवी असतील तर संध्याकाळीच काळे कापड ओढतात. तुमचा दिवा नकळत तुमच्या शेवंतीला रोज थांबायला सांगतो आहे. तो काढून टाकायची गरज नाही. त्याचे तोंड बागेपासून वळवा, किंवा शेवंती दिव्याचा उजेड पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात हलवा, किंवा निदान कळी धरण्याच्या आधीपासून फुले उमलेपर्यंत तो सूर्यास्तानंतर बंद ठेवा.

शेवंती हलवताना जुना खुंट लावू नका. त्याच्या कडेने जमिनीतून निघालेल्या कोवळ्या काश्या, म्हणजे नवे फुटवे, मुळांसकट वेगळ्या करून लावा. दरवर्षी असे केले तर झाड सशक्त राहते, नाहीतर मधला भाग लाकडासारखा होऊन मरतो. काशी वीतभर झाली की शेंडा खुडा, नवे फुटवे पुन्हा तेवढेच झाले की त्यांचेही शेंडे खुडा, आणि बहराच्या साधारण तीन महिने आधी खुडणे थांबवा. त्यानंतर खुडाल तर होणारी कळीच खुडली जाईल.

खताविषयी फार सांगण्यासारखे नाही, कारण तुमच्याकडे खत कमी नाही, जास्त आहे. नत्र भरपूर झाले की झाड पाने वाढवत राहते. नव्या वाफ्यांत लावणीच्या वेळी चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळा आणि त्यावर वर्षभर काही घालू नका. बकुळीला या वर्षी खत अजिबात देऊ नका. मुळे सावरत असताना तिच्यावर वाढीची सक्ती करणे योग्य नाही.

कापलेल्या फांदीवर तेलरंग लावण्याची पद्धत सगळीकडे आहे आणि ती मायेपोटीच केली जाते, तरी ती सोडून द्या. अमेरिकी वनखात्यात काम केलेले अ‍ॅलेक्स शिगो (१९३०–२००६) यांनी असंख्य झाडांची खोडे करवतीने उभी चिरून आतल्या जखमांचा अभ्यास केला. आपली कातडी भरून येते तशी झाडाची जखम भरून येत नाही. झाड जखमी भागाभोवती भिंत उभारून त्याला कायमचे वेगळे करते आणि त्यावर नवे लाकूड वाढवते, हे त्यांनी दाखवून दिले. ही भिंत उभारण्याची मुख्य जागा म्हणजे फांदी खोडाला मिळते तिथले फुगीर, किंचित सुरकुतलेले कडे. फांदी खोडालगत सपाट कापली की ते कडेच निघून जाते, आणि मग रंग लावूनही कूज थांबत नाही. रंगाखाली ओल मात्र कोंडून राहते. पुढच्या वेळी त्या कड्याच्या किंचित बाहेर कापा, लांब खुंटीही ठेवू नका, आणि जखम उघडी राहू द्या. फांदी जड असेल, तर आधी थोडे बाहेर खालच्या बाजूने अर्धवट काप द्या, मग त्याच्या पुढे वरून कापून ओझे उतरवा आणि शेवटी कड्याजवळचा काप घ्या, म्हणजे फांदी साल सोलत खाली येणार नाही.

आज वाळत असलेल्या दोन फांद्यांची साल नखाने जरा खरवडून पाहा. आत हिरवे असेल तिथपर्यंत फांदी जिवंत आहे. पूर्ण वाळलेला भाग तेवढा काढा आणि हिरव्या फांदीला, ती कितीही वेडीवाकडी दिसली तरी, या वर्षी हात लावू नका. मुळांसाठी अन्न तीच बनवते आहे.

बुंध्याभोवतीची जागा रिकामी दिसेल आणि तिथे काहीतरी लावावेसे वाटेल. तिथे वाळलेल्या पालापाचोळ्याचे पाच ते आठ सेंटिमीटर जाड आच्छादन पसरा आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. कर्दळ, लिली, शेवंती यांची नवी जागा बकुळीच्या फांद्यांच्या घेराबाहेर असू द्या. फुलझाडांसाठी दर काही वर्षांनी खणावे लागते आणि झाडाच्या मुळांना खणणे सोसत नाही, म्हणून ही दोन्ही एका आळ्यात सुखाने नांदत नाहीत.

तुमच्या मुलाचे म्हणणे एकाच परिस्थितीत मानावे लागेल. बुंधा उघडल्यावर साल बोटाने दाबली असता मऊ लागली, तिला आंबूस वास आला आणि अशी कूज खोडाच्या अर्ध्याहून अधिक घेराला वेढून असेल, तर ती बकुळ वाचणे कठीण आहे. तशी वेळ आली, तर नव्या रोपासाठी थोडी दूरची जागा निवडा. रोप पिशवीतून काढल्यावर वरची माती झटकून बुंधा कुठे रुंदावतो ते आधी शोधा, कारण पुष्कळदा तो पिशवीतच दोन-चार बोटे गाडलेला असतो. गोल फिरलेली मुळे बाहेर पसरवा किंवा कापा. खड्डा मुळांच्या हुंडीच्या, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, दुप्पट-तिप्पट रुंद घ्या, पण हुंडीच्या उंचीपेक्षा खोल घेऊ नका. खाली भुसभुशीत माती राहिली की झाड लावल्यानंतर खचते आणि पुन्हा बुंधा गाडला जातो. खड्ड्यातून निघालेली मातीच परत भरा, खत वर पसरा आणि भरपूर पाणी द्या. बुंधा उघडा केल्यावर साल कशी दिसते याचा जवळून काढलेला फोटो मला पाठवा, म्हणजे कोणती मुळे आधी कापायची ते नेमके सांगता येईल.